ज्यांस कोणी विचारले नाही असे दोघे

एखाद्या घरात मूल दत्तक आले म्हणजे गावात दोन वाक्ये हटकून ऐकू येतात. मुलाविषयी लोक म्हणतात, "पोराने नशीब काढले." आणि त्याच्या जन्मदात्रीविषयी म्हणतात, "पोटचा गोळा देऊन टाकणारी ती कसली आई!" पहिल्या वाक्याने मुलाच्या डोक्यावर उपकारांचे ओझे ठेविले जाते, दुसऱ्याने आईस आरोपीच्या जागी उभे केले जाते. दोन्ही वाक्ये बोलणारे लोक बहुधा भले असतात, आणि आम्हीही ती पूर्वी बोललो आहो. परंतु अलीकडे आमच्या मनात असा प्रश्न उभा राहिला आहे की, ज्या व्यवहारात एका बाजूस मागणारे आहेत व दुसऱ्या बाजूस ज्यांच्याविषयी सर्व काही ठरते ते दोघे आहेत, त्या व्यवहारात त्या दोघांस कोणी काही विचारले होते काय? आणि विचारले नसल्यास, त्यांच्या मनात पुढे जन्मभर जी असहायता राहते, तिला कृतघ्नता किंवा पाप म्हणण्याचा आपणांस काय अधिकार?

दत्तक घेणे हे वाईट आहे असे आमचे मुळीच म्हणणे नाही. निराधार बालकास घर मिळणे ही मोठी दया होय. येथे तपासावयाचे आहे ते इतकेच की, एखादे कृत्य दयेचे असले म्हणून त्यात ज्याचे काही गेले त्याचे दुःख खोटे ठरते काय.

प्रथम आपल्या देशातील जुनी रीत पाहू. दत्तकाचा जुना हेतू मुलाचे कल्याण हा नव्हता. वंश चालावा, पिंडदान व्हावे, वतन राहावे, यास्तव दत्तक घेत असत. झाशीचे गंगाधरराव यांनी नोव्हेंबर १८५३ मध्ये, मृत्यूच्या आदल्या दिवशी, आपल्या भाऊबंदांपैकी आनंदराव नावाचा लहान मुलगा दत्तक घेतला. इंग्रज सरकारने ते दत्तविधान मानिले नाही व १८५४ मध्ये झाशी खालसा केली. त्याचा पुढील इतिहास शाळेतील प्रत्येक मुलास ठाऊक आहे. परंतु एक लहान गोष्ट फारशी कोणी मनावर घेत नाही. त्या आनंदरावाचे नाव बदलून दामोदर ठेविले गेले, आणि दामोदर हे राणीच्या स्वतःच्या, काही महिन्यांचे होऊन वारलेल्या, बाळाचे नाव होते. म्हणजे त्या मुलास नवे घर मिळाले आणि एका मृत बालकाची जागाही मिळाली. गादीच्या हक्कासंबंधाने केवढे अर्ज झाले, केवढे खलिते गेले! पण आनंदराव या नावाचे काय झाले, आणि त्या नावाने त्याला हाक मारणाऱ्या आईस त्या दिवशी काय वाटले, हे कोणत्याही खलित्यात आले नाही.

आईचा अधिकार तर फार काळ कमीच राहिला. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा १९५६ मध्ये झाला, तेव्हाही मूल देण्याचा अधिकार पित्याचाच ठेविला होता; मातेची केवळ संमती हवी होती. दोघांचा अधिकार सारखा व्हावयास २०१० साल उजाडावे लागले. त्याच कायद्याच्या पंधराव्या कलमात असे आहे की, रीतसर झालेले दत्तक रद्द करता येत नाही आणि दत्तक गेलेल्यास आपले ते नाते टाकून जन्मकुळात परत जाता येत नाही. घर स्थिर राहावे म्हणून हा नियम योग्यच आहे. तरी विचार करा, विवाह, नोकरी, मतदान, या सर्वांत वयात आल्यावर मनुष्याचा होकार विचारतात; आणि आपण कोणाचे, या सर्वांत जवळच्या गोष्टीत त्याचा होकार पूर्वी घेता येत नाही व पुढे त्यास नकारही देता येत नाही.

आपल्या ख्रिस्ती लोकांस तर दीर्घकाळ दत्तकाचा कायदाच नव्हता. १८९० च्या पालकत्वाच्या कायद्याखाली फक्त पालक होता येत असे, आणि मूल सज्ञान झाले म्हणजे ते पालकत्व संपे. मुलगा वा मुलगी म्हणून कायद्याने नाते जुळतच नसे. बालन्याय कायदा २००० मध्ये झाला, त्याने व त्याच्या २००६ च्या दुरुस्तीने हा मार्ग सर्व धर्मांच्या लोकांस मोकळा झाला, आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसे स्पष्ट केले. सांप्रत २०१५ चा बालन्याय कायदा लागू आहे, आणि १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा अंतिम हुकूम न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात.

परंतु कायदा नव्हता म्हणून आपल्यात हा प्रश्न नव्हता असे कोणी समजू नये. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ, १८९६–९७ चा दुष्काळ आणि १८९९–१९०० चा दुष्काळ, या तिन्हींत हजारो पोरकी मुले मिशनांच्या अनाथाश्रमांत आली. पंडिता रमाबाईंनी १८९७ मध्ये मध्यप्रांतातून व १९०० मध्ये गुजराथेतून दुष्काळग्रस्त मुली केडगावास आणिल्या. ती मुले वाचली, शिकली, त्यांची घरे झाली. हे वाचणाऱ्यांपैकी कित्येकांची वंशावळ अशाच एखाद्या आश्रमाच्या दारापाशी येऊन थांबत असेल. आजोबांचे वडील कोठले, त्यांस कोण काय नावाने हाक मारी, त्यांची आई वाटेत मेली की मागे राहिली, हे घरात कोणास सांगता येत नाही. भाकरी देण्याची घाई होती, वहीत लिहिण्यास सवड नव्हती. त्यासाठी आम्ही त्या थोर स्त्रीपुरुषांस दोष देत नाही. पण ज्याच्या घराण्याचे पहिले पान कोरे आहे, त्याने तरी दत्तकपुत्राच्या प्रश्नास कृतघ्नता म्हणू नये.

आता आईचा विचार करू. "तिने स्वखुशीने सही केली," असे म्हटले म्हणजे पुष्कळांचे समाधान होते. पण स्वखुशी म्हणजे काय? पवित्र शास्त्रात दोन मातांनी आपले मूल दुसऱ्याच्या हाती दिले. हन्नेने शमुवेलास एलीकडे नेऊन सोडिले. मोशेच्या आईने मोशेस लव्हाळ्यांच्या पेटीत घालून नदीकाठी ठेविले. वरून पाहता कृत्य एकच: मूल कुशीतून गेले. परंतु हन्नेने आपला नवस आपण केला होता. केव्हा न्यावे हे तिने ठरविले, नवऱ्याने तिच्या मर्जीवर सोपविले, आणि ती दर वर्षी मुलास लहान झगा शिवून नेत असे. मोशेच्या आईच्या मागे फारोची तलवार होती. पुढे ती आपल्याच मुलाची दाई म्हणून मजुरीवर राहिली, आणि राजकन्येसमोर "हा माझा" असे म्हणण्याची तिला सोय नव्हती. मूल जगावे एवढीच निवड तिच्या हाती होती. पहिलीचे ते दान होते. दुसरीचे मूल सुटले हे खरे, पण तिने ते दिले असे म्हणणे सत्यास धरून नाही. तिच्यापासून ते घेतले गेले, आणि घेणारा नदीकाठी दिसत नव्हता इतकेच.

आपल्या काळातही घेणारा बहुधा दिसत नाही. कधी तो दारिद्र्याच्या रूपाने असतो, कधी लोकलज्जेच्या, आणि कधी, सांगावयास दुःख होते, धर्मशील माणसांच्या रूपानेही असतो. ऑस्ट्रेलिया देशात गेल्या शतकाच्या मध्यास कित्येक दशके अविवाहित मातांची मुले जन्मताच काढून घेऊन दत्तक दिली जात असत. कित्येकींस बाळाचे तोंडही पाहू दिले नाही. कित्येकींच्या सह्या गुंगीत असता किंवा धाक घालून घेतल्या. हे करणाऱ्यांत इस्पितळे होती, सरकारी अधिकारी होते, आणि ख्रिस्ती मंडळ्यांनी चालविलेली प्रसूतिगृहेही होती. त्यांस वाटे की आपण मुलास चांगले घर व मुलीस नवी सुरुवात देत आहो. तेथील संसदेच्या समितीने चौकशी करून २०१२ मध्ये अहवाल दिला, आणि २१ मार्च २०१३ रोजी पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड यांनी त्या मातांची, मुलांची व पित्यांची देशाच्या वतीने क्षमा मागितली. दक्षिण कोरियातून परदेशी दत्तक गेलेल्या मुलांविषयी तेथील सत्यशोधन आयोगाने मार्च २०२५ मध्ये असे सांगितले की, आईबाप ठाऊक असता कागदावर बेवारस म्हणून नोंदलेली मुलेही त्यांत होती. त्या कागदाने आई आणि मूल दोघांसही एकाच वेळी मुके केले. कारण ज्याला आई नव्हतीच असे लिहिले आहे, त्याने तिला शोधावे कोठे?

याच्या उलट उदाहरण पाहावयास दूर जाण्याचे कारण नाही. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यास बालहत्या प्रतिबंधक गृह काढिले. फसलेल्या विधवांनी तेथे येऊन गुप्तपणे बाळंत व्हावे, आणि मूल न्यावे की तेथे ठेवावे हे तिच्या मर्जीवर राहील, असे त्यांनी जाहीर केले होते. तिच्या मर्जीवर! ज्या स्त्रीस त्या काळी कोणी काही विचारीत नव्हते, तिला त्या घराने विचारिले. तेथेच जन्मलेल्या एका ब्राह्मण विधवेच्या मुलास त्या दांपत्याने १८७४ मध्ये आपला केले; तोच यशवंत पुढे डॉक्टर झाला. दया आणि विचारणे ही दोन्ही एका छपराखाली राहू शकतात, हे त्यांनी दाखविले.

आपल्या कायद्यानेही ही गोष्ट हळूहळू ओळखली. परदेशी दत्तकातील गैरप्रकारांविषयी एका वकिलाने पत्र लिहिले, त्यावरून सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये निर्णय दिला. त्यात असे बजाविले की, मूल सोडण्याचा निर्णय आईकडून जन्मापूर्वी किंवा जन्मानंतर तीन महिन्यांच्या आत घेतला जाऊ नये. २०१५ च्या कायद्याप्रमाणे आईबापांनी बालकल्याण समितीपुढे मूल सोपविले तरी समितीने त्यांस समजावून सांगावे, चौकशी करावी, आणि फेरविचारास दोन महिने द्यावे, असे आहे. हे उत्तमच आहे. तथापि आम्ही विचारतो, मुदत मिळाली, पण दूध मिळाले काय? साठ दिवसांनंतर घरी परत नेण्यास जर भाकरी नाही, भावाने दार लावले आहे, आणि मंडळीतील बायका तोंड फिरवितात, तर ते साठ दिवस म्हणजे कुलूप लावलेल्या खोलीत किल्लीचे चित्र टांगण्यासारखे होय. जिला मूल ठेवण्याचा मार्ग दाखविलाच नाही, तिने मूल देण्याचे निवडले असे म्हणता येत नाही.

मुलाची असहायता निराळी आहे. तिच्याविषयी आम्हांस आमचाच एक अपराध सांगितला पाहिजे. आमच्या परिचयाच्या एका उपदेशकाच्या घरी एक मुलगा तान्हेपणी दत्तक आला होता. घरात प्रेमाला तोटा नव्हता. एकोणिसाव्या वर्षी त्याने वडिलांस विचारले, "माझे आधी काही नाव होते काय?" बापाच्या काळजास घाव बसला. तो आमच्याकडे येऊन म्हणाला, "आम्ही काय कमी केले हो?" आम्ही मुलास बोलाविले आणि उपकारस्मरणाविषयी पुष्कळ बोललो. त्याने सर्व ऐकून घेतले व "बरे" म्हटले. त्यानंतर वर्षभर त्याने घरात तो विषय काढिला नाही, आणि दुसराही कोणता विषय फारसा काढिला नाही. त्यास उपदेश पटला असे आम्ही समजलो. तो केवळ पुन्हा एकदा गप्प बसविला गेला होता, आणि या खेपेस ते आमच्या हातून झाले होते.

कोणी म्हणेल, "आपले आईबाप कोण निवडतो? आम्हांसही जन्मापूर्वी कोणी विचारले नाही. मग दत्तकानेच का कुरकुरावे?" हा आक्षेप वरवर बळकट आहे, म्हणून त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे. जन्म कोणीच निवडीत नाही, हे खरे. परंतु आपल्या घरी वाढलेल्या मुलास त्याची गोष्ट न मागता मिळते. "नाक आजीचे आहे," "तू झालास त्या रात्री पाऊस कोसळत होता," अशी शंभर वाक्ये त्याच्या कानी पडतात. दत्तकास ती मिळत नाहीत. आणि ती देवाने लपविलेली नसून मनुष्यांनी कपाटात ठेविलेली आहेत. जे दैवाने गेले त्यासाठी धीर धरावा. जे कोणा माणसाच्या टेबलाच्या खणात आहे, ते मागणे म्हणजे कुरकुर नव्हे. मोशे राजवाड्यात वाढला, तरी मोठा झाल्यावर तो आपल्या बांधवांस पाहावयास बाहेर गेला. ज्या राजकन्येने त्यास पाण्यातून काढिले तिचा त्याने उपमर्द केला, असे शास्त्र कोठेही म्हणत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. "कागद उघडले तर त्या आईची अब्रू जाईल, आणि गुप्ततेची खात्री नसेल तर मुली मुलांस उकिरड्यावर टाकतील." ही भीती खोटी नाही, आणि मुलाच्या अधिकारासाठी आईस दुसऱ्यांदा असहाय करणे हा न्याय नव्हे. यास्तव आपल्याकडील नियमांत मधला मार्ग ठेविला आहे. अठरा वर्षांवरील दत्तकास आपल्या मुळाचा शोध घेण्यासाठी अर्ज करता येतो, आणि त्याहून लहान असल्यास दत्तक आईबापांसह करता येतो. परंतु जन्मदात्री नको म्हणत असेल तर तिचे नाव उघड करीत नाहीत. इंग्लंडात १९७५ च्या कायद्याने अठरा वर्षांच्या दत्तकास आपला मूळ जन्मदाखला पाहण्याचा हक्क मिळाला. स्कॉटलंडात तो १९३० पासूनच होता. कोठे दार अधिक उघडे, कोठे कमी. पण आमच्या मते मुख्य कसोटी ही की, गुप्तता कोणासाठी राखिली जात आहे? आईने मागितलेली गुप्तता तिची आहे; ती राखावी. आईस न विचारता, केवळ इतरांच्या सोयीसाठी राखिलेली गुप्तता ही तिची नव्हेच. तिच्या नावाने दार लावण्यापूर्वी तिलाच एकदा विचारावे.

तो उपदेशक वर्षाने पुन्हा आमच्याकडे आला. म्हणाला, "पोरगा घरात आहे, पण घरात नाही." या वेळी आम्ही उपदेश केला नाही, आमची चूक कबूल केली. बापाने मुलास सांगितले, "चल, मी तुझ्याबरोबर येतो." दोघे एस.टी.ने शहरात गेले व त्या संस्थेत अर्ज दिला. पुष्कळ महिन्यांनी उत्तर आले. मूल कोठे टाकलेले सापडले नव्हते; आईने ते आपल्या हाताने सोपविले होते. ती भेटू इच्छीत नव्हती. पण जितके दिवस बाळ तिच्यापाशी होते तितके दिवस ती त्यास कोणत्या नावाने हाक मारी, एवढे कळविण्यास तिने परवानगी दिली. मुलाने ते नाव ऐकिले, आणि परत येताना गाडीत बापाच्या खांद्यावर डोके ठेवून झोपला. तो कोठे गेला नाही. आज त्या घरात ते नाव सर्वांस ठाऊक आहे, आणि बाप कधी कधी त्याच नावाने त्यास हाक मारितो.

सर्वांचा शेवट असा होत नाही. कित्येकांस काहीच कळत नाही. कित्येक माता वाट पाहत मरतात. गेलेली असहायता मागे जाऊन कोणास दूर करता येत नाही. परंतु तेव्हा ज्यांस कोणी विचारले नाही त्यांस आज विचारता येते, आणि हे काम फार मोठ्या विद्येचे नाही. म्हणून खेड्यापाड्यांतील पाळक, उपदेशक व बायबलबाया यांस आम्ही काही गोष्टी सुचवितो.

कोणी मुलगी अडचणीत सापडली तर "मूल देऊन मोकळी हो" हे पहिले वाक्य तिला सांगू नका. मूल ठेवावयाचे झाले तर तुला काय लागेल, हे प्रथम विचारा. सरकारची बालसंगोपन योजना आहे, मंडळीची दानपेटीही आहे. मग तिने देण्याचेच ठरविले तर तिला दोष देऊ नका, आणि मूल परस्पर कोणाच्या पदरात घालू नका. तो गुन्हा आहे, आणि त्यात आईचा फेरविचाराचा काळ व मुलाचा कागद दोन्ही बुडतात. बालकल्याण समितीचा मार्ग धरा. १०९८ या क्रमांकावर विचारता येते.

ज्यांच्या घरी दत्तक मूल आहे त्यांनी ते त्यास लहानपणीच, मायेने सांगावे. शेजारणीने भांडणात सांगण्याची वाट पाहू नये. त्याच्यासंबंधीचा प्रत्येक कागद, त्याबरोबर आलेले अंगडे, तारीख, गाव, जे असेल ते जपून ठेवावे. मोठ्या मुलास नव्या घरी नेताना त्याची इच्छा विचारात घ्यावी असे २०१५ चा कायदाही सांगतो. मग त्याचे नाव बदलण्यापूर्वी आपण त्यास विचारण्यात काय कमीपणा? आणि त्याने आपले मूळ विचारले तर "आम्ही काय कमी केले" असे म्हणू नये. तो प्रश्न तुमच्या प्रेमाच्या हिशेबाचा नसतो. तुमच्या घरी त्यास निर्भय वाटते, म्हणूनच तो तुम्हांला विचारितो.

आणि जी आई मूल देऊन गावात परत आली आहे, तिला भगिनीमंडळाच्या सभेत आपल्या शेजारी बसण्यास जागा द्यावी. तिला काही विचारू नये. पण ती बोलू लागली तर ऐकावे. कदाचित तिचे दुःख ऐकून घेणारे आजवर कोणी भेटलेच नसेल. ते काम या आठवड्यात कोणा एका मंडळीत कोणी एकीने केले, तर हा लेख लिहिल्याचे आम्हांस सार्थक वाटेल.